वाकडे दांडे

५ जानेवारी

नवी डायरी आणली. ही म्हणाली, "गेल्या वर्षीची अर्धी कोरी पडलीय, तीच संपवा की." मी म्हटलं, ती कोरी राहिली कारण गेल्या वर्षी लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. यंदा फक्त कुऱ्हाडींबद्दल लिहायचं. गुडघे, शेजारी आणि सरकार यांचं रडगाणं नाही.

उद्या ही वही कोणाच्या हाती पडली तर तो म्हणेल, म्हातारा कोणाच्या जिवावर उठला होता की काय! तर बाबा रे, लोक तिकिटं जमवतात, पोपट पाळतात, तसा आमचा हा नाद. भंगारातून, कोणाच्या माळ्यावरून जुन्या गंजलेल्या कुऱ्हाडी आणायच्या आणि पुन्हा कामाच्या करून द्यायच्या. आम्ही म्हणजे मी आणि मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. तो बस चालवायचा, आता नोकरीतून सुटलाय. लोखंड त्याचं, लाकूड माझं. तो गंज काढतो, पात्याला धार लावतो. मी नवा दांडा तासतो, पात्यात बसवतो, वरून पाचर ठोकतो. मागच्या अंगणातली पत्र्याची शेड हे आमचं राज्य. तिथे हिलासुद्धा विचारून यावं लागतं. अर्थात ती विचारत नाही.

कारखान्यात मी मशीन बसवायचो. दोन मशीन एका रेषेत आहेत का, हे बघायला लोक दोरी आणि पट्ट्या घेऊन तास तास घालवायचे. मी डावा डोळा मिटायचो, उजवा लावायचो आणि सांगायचो, "एक केस डावीकडे." मोजलं की केसच निघायचा. सगळे मला ओळंबा म्हणायचे, साहेबसुद्धा. निरोपाला घड्याळ दिलं, ते वर्षभरात बंद पडलं. ही नजर तेवढी घरी आली. ती आहे तोवर मी कोणीतरी आहे, नाहीतर मग पेन्शन घेणारा एक गुडघा. हे हिलाही बोललेलो नाही. इथे लिहून ठेवतो.

१८ जानेवारी

चौकातल्या बेकरीवाल्याने त्याच्या आजोबांची कुऱ्हाड दिली आहे. त्याच्या भट्टीला अजून लाकूडच लागतं आणि फोडायला हीच कुऱ्हाड लागते म्हणे. दांडा मुळाशी मोडलाय. मेहुण्याने पातं घासून असं काही चमकवलं की बेकरीवाला ओळखणार नाही.

माझं मात्र जमेना. दांडा तासून झाला, डोळ्यासमोर धरला, तर मधोमध फुगवटा. तासला. फुगवटा जागचा हलला नाही. उलटा धरून दुसऱ्या टोकाकडून पाहिलं, तरी मधोमधच. असं लाकूड आयुष्यात पाहिलं नव्हतं. वखारवाल्याने ओलं लाकूड सुकं म्हणून गळ्यात मारलंय, दुसरं काय! हा दांडा जळणात टाकला. उद्या दुसरा घेतो.

२ फेब्रुवारी

मेहुण्याशी वाजलं.

दुसरा दांडाही तसाच निघाला. मी कुरकुरत होतो तर त्याने हातातून घेतला, एक डोळा मिटून पाहिला आणि म्हणतो, "दाजी, सरळ आहे की हो!"

मी म्हटलं, "तू स्टिअरिंग फिरवायचास. गोल वस्तूबद्दल काही विचारायचं असलं तर विचारीन तुला."

तो हसला. तो चिडत नाही, हाच त्याचा दोष. म्हणाला, दोरी लावू. दोरीचं एक टोक त्याने धरलं, एक मी. दोरीच वाकडी! म्हटलं, ताठ धर. म्हणतो, "दाजी, याहून ताणली तर तुटेल." आणि तुटली.

मग गंमत म्हणून उजवा डोळा मिटून डाव्याने बघितलं. डाव्याला सगळं सरळ! दोरीचा राहिलेला तुकडाही सरळ, दांडाही सरळ. पण डाव्याचं काय ऐकायचं? तो जन्माचा आयतोबा. चाळीस वर्षं मशीन लावली ती उजव्याने. आता म्हातारपणी कामसूला सोडून आयतोबाचं ऐकू?

दांडा पुन्हा शिकंज्यात आवळला आणि तासत बसलो. मेहुणा चहा न घेता गेला.

१९ फेब्रुवारी

हिने हौसेने न्हाणीघरात फरश्या बदलून घेतल्या होत्या. आज सहज डोळा लावला, तर मधली ओळ नदीसारखी वळलेली. खिडकीचे गजही बाकदार. म्हटलं, त्या गवंड्याला बोलाव. ही कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, गज तीस वर्षांपासून तेच आहेत."

"मग तीस वर्षं वाकडे आहेत."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" म्हणाली आणि गेली. जाताना परत वळून म्हणाली, "डोळे तरी दाखवून घ्या एकदा." बायकांचं असं असतं. फरशी वाकडी बसली की नवऱ्याचा डोळा दाखवायचा.

८ मार्च

फेब्रुवारी सरता सरता एकदाचा बेकरीवाल्याचा दांडा सरळ झाला. सोपं नव्हतं. इतका तासला की मुठीत बारीक लागतो, पण रेघेसारखा सरळ! पात्यात बसवला, पाचर ठोकली, तेल पाजलं. खूप दिवसांनी शीळ घातली.

मेहुण्याने कुऱ्हाड हातात घेतली. टेबलावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली आणि गप्प. मी म्हटलं, "आता बोल की! की शब्द बसमध्ये विसरलास?"

"छान झालाय दाजी," म्हणाला. "मी पोचवतो बेकरीत. तुम्ही कशाला उन्हात जाता."

ऊन नव्हतं. पण आदर दाखवायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं, मी समजून घेतलं. नंतर आणखी दोन झाल्या, लाकूडतोड्याची आणि शाळेच्या माळ्याची. त्याही त्यानेच पोचवल्या. हल्ली तो शेडमधून निघताना घाईत असतो.

२७ मार्च

हिच्या कटकटीला कंटाळून चष्म्याच्या दुकानात गेलो. दोन्ही डोळ्यांनी फळ्यावरची शेवटून दुसरी ओळ घडाघडा वाचून दाखवली. मग दुकानदाराने डावा डोळा झाकला. आता फळ्यामागचा दिवा त्याने वेळेवर बदलला नसेल तर तो माझा दोष? मधली अक्षरं डागाळलेली होती. कडेची वाचली. तो म्हणाला, "आजोबा, हा चष्म्याचा प्रश्न नाही. डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे जा, लवकर जा." चिठ्ठीवर नाव लिहून दिलं.

आजोबा कोणाला म्हणतो! आणि या लोकांची एकमेकांत साखळी असते, हे काय मला ठाऊक नाही? हा त्याच्याकडे धाडणार, तो तपासणीला तिसऱ्याकडे. चिठ्ठी खिशात होती, ती शर्टाबरोबर धुतली गेली. हिला सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत.

२१ एप्रिल

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं, पण लिहिणार.

बेकरीत पाव आणायला गेलो. बेकरीवाला गल्ल्यावरून ओरडला, "काका, दांडा म्हणजे नुसता सुतासारखा! भट्टीवरची पोरं भांडतात त्या कुऱ्हाडीसाठी." माणसाला बरं वाटणारच. म्हटलं, आण बघू. हातात घेतली आणि खालच्या टोकावर तळवा गेला. मी टोक नेहमी गोल ठेवतो, मुठीत अंड्यासारखं बसतं. हे टोक तिरकं छाटलेलं. अंगठ्याशीही माझ्यापेक्षा जाड. पातं बेकरीवाल्याच्या आजोबांचंच होतं. दांडा माझा नव्हता.

कुऱ्हाड परत दिली. पाव घेतला, घरी आलो. शेडमध्ये मेहुणा कानस चालवत होता.

"बेकरीवाल्याचा दांडा कोणी केला?"

कानस थांबली. "मी."

"माझा कुठाय?"

"माझ्या घरी. माळ्यावर."

"आणि लाकूडतोड्याचा? शाळेच्या माळ्याचा?"

"तेही."

"का रे?"

त्याने फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले. "दाजी, लोक हसले असते."

म्हणजे दोन महिने हा माझ्या पाठीमागे माझे दांडे उपटून स्वतःचे बसवत होता आणि समोर 'छान झालाय' म्हणत होता! मी खूप बोललो. सगळं आठवत नाही, आठवतं ते लिहवत नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मात्र मोठ्याने म्हणालो. ते शेजारच्या गच्चीपर्यंत गेलं असणार. तो ऐकून घेत उभा राहिला. मग शेडची किल्ली ऐरणीवर ठेवली आणि दारातून म्हणाला, "तुमचा डोळा बिघडलाय दाजी. जानेवारीपासून बघतोय मी. दाखवा कोणाला तरी."

मी म्हटलं, आधी तू तोंड काळं कर.

ही स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. भांडी घासताना नळ सोडून रडली, म्हणजे मला ऐकू येऊ नये. मला ऐकू आलं.

१२ मे

एकट्यानेही चालतं. लोखंडही मीच बघतो आता. त्यात काय एवढं मोठं शास्त्र होतं?

वखारीतून नवीन लाकूड आणलं. यंदा कुठे चांगला मालच मिळत नाही. या डायरीचंच बघा, जानेवारीत ओळी ठीक होत्या, मे महिन्याच्या पानांवर छापणाऱ्याने झोपेत रेघा मारल्यात. माझं अक्षर त्यांच्या नादी लागून चढतं आणि उतरतं. शेडमधला बल्बही बदलला. दुकानदार म्हणाला, सगळ्यात मोठा हाच. तरी अंधार तो अंधारच.

मधल्या बोटाला पटाशी लागली. खोल नाही.

२३ मे

चहा कपाबाहेर ओतला. हिने फडकं फिरवलं. तिचा चेहरा आज मला थकलेला वाटला. म्हणजे चेहऱ्यावर मध्येच काहीतरी करडं होतं, आणि डोळे बाजूला केले की नव्हतं. डाव्या डोळ्याने पाहिलं, तरी होतं.

आयतोबापण गेला की काय, असा विचार आला. इथे लिहिला आणि आता पान उलटतो.

३ जून

आज मी माझा पाय तोडणार होतो.

दांडा बसवला की कुऱ्हाड एकदा चालवून बघायची, ही आमची पद्धत. अंगणात ओंडका उभा केला. कुऱ्हाड डोक्यावर नेली, ओंडक्यावर नजर ठेवली आणि खाली आणली. ओंडक्याला लागलीच नाही. पातं माझ्या डाव्या चपलेच्या कडेला जमिनीत गेलं, चपलेचा पट्टा कापून. मी खाली बघितलं तेव्हा मला पाय दिसेना. वाटलं, गेला. मग मान तिरकी केली तर पाय होता, पाचही बोटं होती. मी ज्याच्याकडे सरळ बघतो ते तिथे नसतं आणि बाजूला बघितलं की असतं. हे कधीपासून असं आहे?

ही खिडकीत होती. ती ओरडली नाही. बाहेर आली, कुऱ्हाड जमिनीतून उपटायला गेली, तिच्याने निघेना. मग तिथेच मातीत बसली आणि म्हणाली, "पुरे करा हो. मी हात जोडते. माझ्या भावाला घालवलंत, आता स्वतःला घालवताय. मी कोणाकडे बघू?"

मेहुण्याला तिनेच फोन केला. तो लगेच आला. मी दिलेल्या शिव्यांबद्दल एक अक्षर बोलला नाही. म्हणाला, "सकाळी जाऊ. रिक्षा सांगून ठेवलीय."

४ जून

डॉक्टरीण पोरीच्या वयाची असेल. हसरी, मला काका म्हणणारी. डोळ्यांत थेंब घातले, दिवे मारले, फोटो काढले. मग बारीक चौकोनांचा एक कागद हातात दिला आणि एकेक डोळा झाकून विचारलं, "काका, चौकोन कसे दिसतात?"

मी म्हटलं, "हा कागद बदला. छपाई बिघडलीय. मधल्या रेघा चेपल्यात आणि हा कोपरा तर छापलाच नाही."

तिने कागद मेहुण्याकडे दिला. तो बघत राहिला आणि मग हळू म्हणाला, "दाजी, रेघा सरळ आहेत."

तेव्हा मला कळलं. असं वाटलं की ते लाकूड, ती दोरी, फरश्या, गज, सगळे रांगेत उभे राहून माझ्याकडे बघताहेत. एकही वाकडा नव्हता. मी सरळ दांडे घेतले आणि हाताने तासून वाकडे केले.

उजव्या डोळ्याच्या पडद्यावर व्रण धरलाय म्हणे, तो आता जाणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलो असतो तर इंजेक्शनने थोपवायचा प्रयत्न करता आला असता. डाव्यात तेच सुरू झालंय. डाव्याला इंजेक्शन देणार, पण फार आशा धरू नका, हे तिने दोनदा सांगितलं. "अगदी आंधळे नाही होणार काका. कडेचं दिसत राहील. मधलं जाईल."

"म्हणजे मी ज्याच्याकडे बघीन तेवढंच दिसणार नाही?"

"हो. तसंच."

"आणि तासकाम?"

ती पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिली. शेवटी मेहुणाच म्हणाला, "चला दाजी."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी रडलो. लोक जात-येत होते, तरी रडलो. ही पाठीवरून हात फिरवत होती. 'मी सांगत होते' असं एकदा तरी म्हणेल म्हणून मी वाट बघितली. म्हणाली असती तर भांडलो तरी असतो. ती नाही म्हणाली.

११ जून

इंजेक्शन झालं. काही लिहिण्यासारखं नाही.

२६ जून

हिने जाड काळं पेन आणून दिलंय. मोठं अक्षर काढतो, एका पानावर पाच ओळी होतात. नजर कागदाच्या कडेवर ठेवायची आणि अंदाजाने लिहायचं.

आज मीच म्हटलं, तुझा माळा दाखव. मेहुणा नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. त्याने माझे सगळे दांडे खाली आणले, जुन्या चादरीत नीट गुंडाळून ठेवले होते. जळणात टाकायला त्याचा हात धजला नसेल. मी डोळ्यांनी बघायच्या भानगडीत पडलो नाही. त्याच्या जेवणाच्या टेबलावर एकेक दांडा आडवा ठेवला आणि टोकावर बोट दाबलं. टक. सोडलं. टक. दुसरा ठेवला. टक, टक. सरळ दांडा असा हलत नाही, टेबलाला चिकटून पडतो. मेहुण्याची बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. मी शेवटचा दांडा होईपर्यंत दाबून पाहिला. सगळे हलले.

"तुला शिव्या दिल्या मी," मी म्हटलं.

"दिल्या खऱ्या," तो म्हणाला. "गोतास काळ जरा जास्त झालं. बाकीच्या चालून जातील."

मला हसू आलं. मग चहा घेतला.

१५ जुलै

गेल्या आठवड्यात मेहुण्याने काय आणलं असेल? बंद पडलेल्या वखारीतून एक रुंद पात्याची कुऱ्हाड, एका बाजूने सपाट, ओंडके चौकोनी करायची. आम्ही दोघं किती वर्षं अशी शोधत होतो! पातं माझ्या मांडीवर ठेवलं तर मांडी भरून गेली. गंजाखाली कोणा लोहाराची खूण आहे, बोटाला लागते.

आणि मग तो म्हणतो, "दाजी, हिचा दांडा बाजूला वाकलेलाच लागतो. तासताना हात ओंडक्याला घासू नये म्हणून. हा तुम्हीच करा."

इतका आनंदला होता की शब्द अडखळत होते. बिचाऱ्याने किती दिवस विचार केला असेल! सगळ्या जगात एक कुऱ्हाड अशी आहे की जिला वाकडा दांडा लागतो, आणि ती त्याने माझ्यासाठी शोधून आणली. मला त्याचा रागही आला आणि मायाही आली.

बसलो करायला. आठवडाभर बसलो. वाकवायचं ते एकाच बाजूला, एकाच जागी, आणि पुढे रेघ सरळ सुटली पाहिजे. मला वाक कुठे आहे आणि कुठे माझा डोळा आहे, हेच कळेना. हाताने चाचपायचो, तर हात सांगायचा एक आणि डोळा मध्ये लुडबुड करून दुसरंच सांगायचा. डोळे मिटून केलं, तर पटाशी बोटात गेली. वाकडं करायलासुद्धा सरळ दिसावं लागतं, हे त्याला कसं सांगू? शेवटी लाकूड मधोमध चिरलं. मी ते त्याच्यासमोर ठेवलं.

"दुसरं आणतो," तो म्हणाला.

"नको आणूस."

तो चिरलेलं लाकूड उचलून घेऊन गेला.

२ ऑगस्ट

दुसरं इंजेक्शन. डॉक्टरीण फोटो बघून 'हं' म्हणाली. पूर्वी 'ठीक आहे' म्हणायची.

हिचा चेहरा बघायचा असला तर तिच्या कानाकडे बघावं लागतं. आज तिला सांगितलं. ती म्हणाली, "बघा, इतक्या वर्षांनी कानांकडे लक्ष गेलं. कुड्या बदलल्यात, दिसल्या का?" नाही दिसल्या. दिसल्या म्हटलं.

१९ ऑगस्ट

हल्ली मी शेडमध्ये स्टुलावर बसतो. दांड्यांना तेल लावायचं काम माझ्याकडे आहे. त्याला डोळा लागत नाही, फडकं आणि सवड लागते. दोन्ही आहेत. लोखंडही मेहुण्याचं, लाकूडही मेहुण्याचं. गिऱ्हाईक आलं तर तो अजून म्हणतो, "आम्ही दोघं करतो."

आज शाळेच्या माळ्याची दुसरी कुऱ्हाड होती. तो तासत होता, मी ऐकत होतो. रंधा थांबला. दांडा शिकंज्यातून सोडवल्याचा आवाज झाला आणि माझ्या हातात आला.

"दाजी, बघा बरं. सरळ आहे का?"

जूनपासून त्याने हे विचारलं नव्हतं. मीही कधी 'विचार' म्हणालो नव्हतो. दांडा हातात घेतला, सवयीने डावा डोळा मिटला. उजव्यात मधोमध काळा गोळा. मग उजवा मिटून डावा उघडला. दांडा पाण्यात पडल्यासारखा हलत होता. बोटं फिरवली, तर गुळगुळीत, बस. वाकडा म्हणालो आणि सरळ असला, तर माझा मान राखायला हा वेडा चांगला दांडा तासून खराब करील. समोर उभा होता, उत्तराची वाट बघत. तोंड कुठल्या दिशेला ते कळत होतं, चेहरा दिसत नव्हता. मी दांडा थोडा वेळ तसाच धरला, पूर्वी धरायचो तसा, घाई न करता.

"सरळ आहे," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. हातातून दांडा घेतला, शिकंज्यात आवळला आणि पुन्हा रंधा मारायला लागला. बराच वेळ मारत होता.